हात जपणारी सून

सुनेनं आजही भांड्यांना हात लावला नव्हता. सकाळची भांडी मोरीत तशीच खरकटी पडली होती आणि सूनबाई खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. हातांत पांढरे सुती मोजे. मांडीवर ना शिवण, ना निवडण, ना पोरीचं डोकं. नुसत्या बसल्या होत्या, फोटो काढायला आल्यासारख्या.

ठिणगीबाईंनी हे आधी भिंतीला ऐकवलं, मग जिन्याला, आणि मग खाली दुकानात उतरून जे पहिलं गिऱ्हाईक समोर आलं त्याला. महाराणी हात जपताहेत, त्या म्हणाल्या, पाण्यात घातले तर विरघळतील. गिऱ्हाईक दातांच्या दवाखान्यातला कारकून होता. तो डॉक्टरांचे पांढरे कोट न्यायला आला होता. सासू-सुनेच्या भानगडीत हसावं तरी पंचाईत, न हसावं तरी पंचाईत, म्हणून त्यानं कोट मोजायला घेतले.

ठिणगीबाई हे नाव गल्लीनं ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. ज्या बाईच्या नाकावर माशी बसत नाही तिला लोक फुलबाई थोडंच म्हणणार? नवरा गेला तेव्हा मुलगा रांगत होता. भाऊ म्हणाले माहेरी ये, दीर म्हणाले सासरी राहा, आणि दोन्हीकडचे मनात म्हणत होते की नाही आली तर बरं. बाईंनी दोन्हीकडे पाठ फिरवली आणि इस्त्रीचं दुकान टाकलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. शाळा म्हणाल तर दुसरीच्या पुढं गेली नाही. सही मात्र यायची, आणि त्या सहीचा तोरा असा की करताना समोरच्याला हातातलं काम थांबवून बघावं लागे. कपडे धुणं, खळ लावणं, कडक इस्त्री करणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सोड्यानं आणि वाफेनं बोटं गुळगुळीत झाली होती, नाण्यावरचा छाप झिजावा तशी.

त्या दुकानावर मुलगा वाढला, लिफ्ट दुरुस्त करायला शिकला, परदेशात कामाला गेला. त्याला बायको मिळाली ती नर्स. दोघं तिकडेच राहिली, मुलगी तिकडेच झाली. पोर इतकी बारीक आणि इतकी चळवळी की बापानं आईला फोनवर सांगतानाच तिचं नाव मुंगी ठेवलं. आणि मग दोन वर्षांपूर्वी सून मुंगीला कडेवर घेऊन या दारात येऊन उभी राहिली. सोबत एक बॅग होती. मुलगा नव्हता. काम करता करता छातीत कळ आली आणि गेले, तिनं फोनवरच सांगितलं होतं. त्याचं सगळं तिनं तिकडेच उरकून टाकलं होतं.

उरकून टाकलं. हा शब्द बाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतला होता. ज्याला नऊ महिने पोटात आणि वीस वर्षं इस्त्रीच्या टेबलापाशी वाढवलं, त्याचा चेहरासुद्धा आईला दाखवावासा वाटला नाही या बाईला. आणता आलं असतं. लोक आणतात. गल्लीतल्या शिंप्याचा भाऊ नाही का आला, पेटीतून? हिला घाई होती. दोन वर्षांत बाईंनी हे सुनेला तोंडावर एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं, टोचायचं असतं. भाजीत मीठ कमी पडलं की त्या म्हणत, उरकून टाकली वाटतं. सून मान खाली घालून मीठ आणून ठेवायची.

आणि आता ही पुन्हा निघाली होती. तिसऱ्याच एका देशातल्या मोठ्या इस्पितळानं तिला नोकरी देऊ केली होती. मुंगीला तिथं शाळा होती, राहायला घर होतं. अडलं होतं एका कागदापाशी. ते इस्पितळ म्हणत होतं की आधी ज्या देशात राहिलात तिथल्या पोलिसांचा दाखला आणा, तिथं तुमच्यावर गुन्हा नाही असा. आणि तो देश म्हणत होता की दहाही बोटांचे शाईचे ठसे पाठवा, तुमच्या इथल्या पोलीस ठाण्यात घेतलेले, शिक्का मारलेले, म्हणजे आम्ही आमच्या दप्तरात बघून सांगतो.

ठशांचंच घोडं अडलं. इस्पितळात दिवसाला शंभरदा औषधी साबणानं हात धुऊन धुऊन सुनेच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या, आणि दोन वर्षं सासूच्या दुकानातलं धुणं धुऊन उरल्या त्याही गेल्या होत्या. ठाण्यातल्या हवालदारानं शाईचा रूळ फिरवून बोटं कार्डावर दाबली आणि कार्ड तिच्याचपुढं धरलं. हे ठसे नव्हेत बाई, डाग आहेत, तो म्हणाला. हातांना विश्रांती द्या. साबण नको, सोडा नको, मलम चोळा, मोजे घाला. कातडी परत येते. मग या.

म्हणून ते मोजे. बाईंना हे सगळं माहीत होतं. माहीत नसल्यासारखं बोलायला काय लागतं?

मुंगीचं कपाळ बापासारखं होतं. झोपेत ती भुवया उडवायची तेही बापासारखंच. दुपारी दुकानात टेबलाखाली बसून ती चिंध्यांच्या बाहुल्या करायची आणि आजीचे पाय बघून सांगायची, आजी, आता तू रागावलीयस, तुझा अंगठा वर झाला. त्या घरात बाईंना ओळखणारं एवढं एकच माणूस होतं. दाखला आला की ते माणूस विमानात बसणार होतं.

तर एके दिवशी ठिणगीबाईंची पाठ धरली.

सकाळी त्या उठल्या त्या वाकूनच. कंबरेत उसण भरलीय, म्हणाल्या, खळीचं पिंप काही मला हलत नाही. आणि दवाखान्याचे कोट तर उद्या द्यायचेत. सुनेनं त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं मोजे काढून खिडकीत ठेवले आणि पदर खोचला.

दुसऱ्या दिवशीही पाठ धरलेलीच होती. तिसऱ्या दिवशी खाणावळवाल्याचे टेबलावरचे तेलकट कपडे आले, ते सोड्याच्या कढत पाण्याशिवाय निघत नाहीत. बाई जिन्याच्या पायरीवर बसून कण्हत सूचना देत होत्या. अजून घास. कडा राहिल्या. सून घासत होती. मुंगी मध्येच म्हणाली, आजी, काल तू माळ्यावरची पेटी काढलीस तेव्हा पाठ बरी होती का? तिला एक गुळाचा खडा मिळाला आणि बाहेर खेळायला जा असं फर्मान.

सून घासून, पिळून वाळत घालत राहिली. बाईंना तेच खटकत होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात बाई कधी हरल्या नव्हत्या.

दुसऱ्यांदा ठाण्यात जायचा दिवस आला. या खेपेला घरच्या माणसाची सही आणि अंगठा लागणार होता, म्हणून बाईही निघाल्या. खरं तर मौज बघायलाच निघाल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या, स्वतः इस्त्री केलेलं, घडी अशी की कागद कापावा.

ठाण्याच्या मागच्या खोलीत एक टेबल होतं, त्यावर काचेची पाटी, शाईची नळी, रूळ. हवालदार वयस्क, चष्मा कपाळावर, तोंडात कायम कुरकुर. त्यानं सुनेचा हात हातात घेतला आणि त्याची कुरकुर थांबली. बोटांना चिरा पडल्या होत्या. अंगठ्याच्या पेराशी रक्त सुकलं होतं. शाई त्या चिरांत शिरली तेव्हा सुनेनं ओठ आत घेतले, एवढंच.

कार्डावर दहा काळे ठिपके उमटले, मध्ये पांढऱ्या भेगा. रेषेचा मागमूस नाही.

"बाई, मी काय सांगितलं होतं?" हवालदार म्हणाला. "विश्रांती द्या म्हटलं, तर तुम्ही दगड फोडून आलात. घरी भांडी घासायला दुसरं कोणी नाही?"

आता ही सांगणार, बाईंनी मनात कंबर कसली. सांगू दे. उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं.

"आई आहेत," सून म्हणाली. "त्यांची पाठ धरलीय. या वयात त्यांना कसं करू द्यायचं?"

तिच्या आवाजात टोमणा असता तर बाईंनी तो दोन खोल्यांपलीकडून ओळखला असता. नव्हता. हवालदारानं वळून बाईंकडे बघितलं. उठला, स्वतःची खुर्ची ओढली, तिच्यावर उशी ठेवली आणि म्हणाला, बसा आजी, पाठीला टेका, उभ्या कशाला?

ठिणगीबाई बसल्या. ठेवणीतलं लुगडं, कडक घडी, आणि धडधाकट पाठ त्या खुर्चीच्या उशीला लावून त्या बसून राहिल्या. आयुष्यात त्यांना कोणी इतकं मऊ बसवलं नव्हतं आणि कुठली खुर्ची इतकी टोचली नव्हती.

मग त्यांची सही झाली. कोणाला बघायला सांगायचं सुचलं नाही. अंगठ्याला शाई लागली, तो कागदावर टेकला, आणि गुळगुळीत काळा गोळा उमटला, लिंबाएवढा. हवालदारानं चष्मा डोळ्यांवर घेतला, एकदा या कागदाकडे बघितलं, एकदा त्या कार्डाकडे. "सासू-सुना एकाच साच्यातल्या," तो म्हणाला. मग सुनेला सांगितलं की अजून एकदा येऊन बघा, पण तीही खेप फुकट गेली तर त्या देशाला कळवावं लागेल की ठसे मिळत नाहीत. सून म्हणाली, इस्पितळ तोपर्यंतच थांबणार आहे.

घरापर्यंतचा रस्ता बाईंना वाकून चालावा लागला. सुनेनं दंडाला धरलं होतं. चढावर ती म्हणायची, सावकाश, आई. शाईच्या बोटांचे डाग बाईंच्या बाहीवर पडले. एरवी एका डागावरून त्यांनी गल्ली गोळा केली असती.

मुलगा परदेशी निघाला तेव्हा त्याच चढावरून बॅग घेऊन उतरला होता. आई, तुझे हात एकदा पाण्याबाहेर काढले की माझं काम झालं, असं म्हणाला होता. हात पाण्याबाहेर निघाले नाहीत. उलट आणखी दोन आत गेले.

संध्याकाळी सून पदर खोचून मोरीकडे गेली तर मोरीत ठिणगीबाई बसल्या होत्या, पाट घेऊन, कोपरापर्यंत फेसात.

"पाठ सुटली," त्या म्हणाल्या. "ठाण्यातली खुर्ची चांगली होती. जा, मोजे घाल."

त्या दिवसापासून घरात पाण्याचा थेंब सुनेच्या हाताला लागला नाही. मुंगीची वेणीसुद्धा बाईच घालत, आणि ती इतकी घट्ट की पोरीच्या भुवया वर ताणल्या जात. गल्लीत विचारणा झाली. बाई म्हणाल्या, सुनेच्या हातांना सरकारी हुकूम आहे, तुमच्या सुनेच्या आहे का? रात्रीची जेवणं झाली की त्या मलमाची डबी घेऊन सुनेसमोर बसायच्या आणि एकेक बोट चोळायच्या, कॉलरला खळ जिरवावी तसं, टोकापासून मुळाकडे. सून पहिल्या दिवशी म्हणाली, मी करते. बाई म्हणाल्या, तू केलंस तर ज्या हातानं चोळशील त्याला विश्रांती कुठली? सुनेनं हात पुढं केला.

एका संध्याकाळी, मुंगी आतल्या खोलीत पाढे घोकत असताना, बाईंनी सुनेची करंगळी धरली होती. त्यांनी वर न बघताच विचारलं.

"त्याला का नाही आणलंस?"

सुनेची बोटं आखडली. बाईंनी सोडली नाहीत.

"मी तुम्हाला खोटं सांगितलं, आई," सून म्हणाली. "छातीत कळ नव्हती. ते लिफ्टच्या खड्ड्यात पडले. बाराव्या मजल्यावरून." आतून साताचा पाढा येत होता. "आमच्याच इस्पितळात आणलं. मी कामावर होते. चेहरा राहिला नव्हता. कोणाला कळेना कोण आहे ते. मी मनगट बघितलं."

बाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. डाव्या मनगटावर तिकोनी डाग होता, इस्त्रीच्या टोकाचा. रांगत रांगत टेबलाखाली आला होता आणि वरून लोंबलेली वायर ओढली होती. त्याच्या पासपोर्टात ओळखीची खूण म्हणून तोच डाग लिहिला होता. मुलगा हसत सांगायचा, मी कुठंही हरवलो तरी आईचा शिक्का आहे माझ्यावर.

"पेटी आली असती तर तुम्ही उघडायला लावली असती," सून म्हणाली. "तुम्ही कोणाचं ऐकलं नसतं. मी तुम्हाला ओळखते."

हे खरं होतं. बाईंनी उघडायला लावलीच असती. शिंप्याच्या भावाची उघडली तेव्हा पुढं जाऊन बघणाऱ्या त्याच होत्या.

पाढा संपला. मुंगीनं आतून ओरडून विचारलं, आठाचा म्हणू का? म्हण, बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच निघाला, त्याचं त्यांनाच नवल वाटलं. मग त्यांनी मलमाच्या डबीत बोट बुडवलं. डबी जमिनीवर ठेवली.

"दुसरा हात दे," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला ठसे उमटले. शेताच्या नांगरटीसारख्या बारीक बारीक ओळी, प्रत्येक बोटाची वळणं वेगळी. हवालदार खूश झाला, शिक्का दोनदा मारला. बाईंनी ते कार्ड मागून घेतलं आणि उजेडात धरलं. वाचता येण्यासारखं त्यावर जे काही होतं ते एवढंच, बोटांच्या रेषा. त्या त्यांनी मन लावून वाचल्या. त्यांच्या हातांनी घासून आणलेल्या रेषा होत्या, आणि त्याच रेषांवरून चालत त्या दोघी निघून जाणार होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी कार्ड परत दिलं, कोपरा न दुमडता.

कागद त्या देशाला गेला. आठवडे गेले. त्या दिवसांत बाईंनी घरातला एकेक कपडा काढून इस्त्री केला. मुंगीचे फ्रॉक, सुनेचे गणवेश, मोजेसुद्धा. मोज्यांना कोण इस्त्री करतं, मुंगीनं विचारलं. ज्यांच्या नाती परदेशी जातात ते, बाई म्हणाल्या. मुंगी म्हणाली, आजी, तूपण चल. सूनही म्हणाली, जम बसला की बोलावते. बाईंनी दोघींना सांगितलं की इस्त्री तापलेली ठेवून कुठं जाता येत नाही. टेबलाखालून मुंगी त्यांच्या पायांकडे बघत होती. अंगठा वर झाला नव्हता. म्हणजे आजी रागावलेली नव्हती, मग काय झालं होतं ते पायांवरून काही कळेना.

दाखला दुपारी आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सुनेनं पाकीट फोडलं. आत एकच पान, वर त्या देशाची मुद्रा, खाली सही. ती उभ्या उभ्या वाचत होती. तिच्या बोटांची टोकं गुलाबी झाली होती, लहान मुलीच्या बोटांसारखी.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं. इस्त्री चालूच होती.

"माझ्यावर तिथं कुठलाही गुन्हा नोंदलेला नाही."

"अजून?"

"एवढंच, आई."

"पुन्हा वाच."

सुनेनं पुन्हा वाचलं, या खेपेला तिथल्या भाषेत, मग आपल्या भाषेत. त्यात तिचं नाव होतं आणि त्या शहराचं नाव होतं. नवऱ्याचं नाव एका ओळीत होतं, अमक्याची पत्नी असं. त्या ओळीवर तिनं बोट ठेवलं आणि पुढं वाचलं. टेबलाखालून मुंगीनं विचारलं, म्हणजे काय? बाई म्हणाल्या, म्हणजे तुझी आई चोर नाही. ते तर मला माहीतच होतं, मुंगी म्हणाली आणि बाहुलीकडे वळली.

बाईंनी इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. भर दुपारी त्या दुकानातली इस्त्री बंद झालेली कोणी पाहिली नव्हती. त्यांनी टेबलावरून हात फिरवून सुरकुती नसलेलं कापड सारखं केलं आणि सुनेकडे तोंड वळवलं.

"त्यांनी त्यांचं लिहून दिलं. आता माझं ऐक, मला लिहिता येत नाही म्हणून तोंडी सांगते. तू खोटं बोललीस. दोन वर्षं माझे टोमणे खाल्लेस, माझी पाठदुखी सोसलीस, आणि खरं काय ते एका शब्दानं सांगितलं नाहीस. मला आई म्हणायचं आणि त्याचं मरण एकटीनं उचलायचं, हा गुन्हा आहे. त्या देशाच्या पोलिसांना कळला नाही, मला कळला, आणि मी मरेपर्यंत तो तुझ्या नावावर राहील. बाकी तुझ्यावर माझं काही नाही. पोरीला घेऊन जा. आणि तिथं भांडी घासताना मोजे घाल, तुझ्या हातांवर माझी मेहनत आहे."